खळ

शनिवारी हिशेबनीस विचारायचा, "किती डझन?"
आणि मी तोंड उघडायच्या आत
आकडा लिहून मोकळा व्हायचा.
करपलेल्या कॉलरीचे पैसे मजुरीतून वजा.
करपलेल्या हाताला
त्याच्या वहीत रकानाच नव्हता.

ट्रॉय शहर, हडसनच्या काठी.
देशभरच्या साहेबांचे गळे आमच्याकडे धुवायला.
सदरा आठवडाभर तोच, कॉलर रोज वेगळी,
बटण काढलं की सुटी, लावलं की सभ्य.
आम्ही उकळायचो, निळीत बुचकळायचो, खळ द्यायचो,
मग भट्टीवरची इस्त्री गालाजवळ धरून
अंदाज घ्यायचा, कितपत तापलीय.
ऑनोरा गिल्हूली तर डोळे मिटून सांगायची.
तिच्या उजव्या गालावर डिसेंबरातही उन्हाळा असायचा.

बाहेर नदी गोठलेली,
आत आम्ही चौदा तास उभ्या, घामानं निथळत.
रात्री दाराबाहेर पडलो की अंगातून वाफ निघायची.
पोरं ओरडायची, आल्या बघा आयरिश किटल्या!
ताठ कॉलरीनं चालणारे आमच्याकडे बघायचे नाहीत.
मान त्यांची होती.
ताठपणा आम्ही दिलेला.

पहिल्या वेळी भाषण वगैरे कुणी केलं नाही.
डेलिया ट्वोमी चक्कर येऊन पडली, हातातली इस्त्री ढिगावर.
मुकादमानं आधी कॉलरी उचलल्या.
एवढंच झालं.
दुसऱ्या दिवशी इस्त्र्या भट्टीवर तशाच ठेवून
आम्ही शाली घेतल्या आणि निघालो.
सहाव्या दिवशी मजुरी वाढली.
इतकं सोपं असतं, असं वाटण्याचं वय होतं माझं.

युनियनची वही माझ्याकडे आली.
वही आली म्हणून अक्षरं शिकले,
आधी आकडे, मग बायकांची नावं, शेवटी स्वतःचं.
लोखंड ओतणाऱ्यांचा संप झाला तेव्हा
आम्ही डबा रिकामा करून त्यांना दिला.
माझा भाऊ त्यांच्यातच. म्हणाला, बायकांचे पैसे घ्यायचे?
मी म्हटलं, पावाला विचार.
घेतले.

मग तो उन्हाळा.
खळ देणाऱ्या पोरींनी डझनामागे अर्धा सेंट जास्त मागितला.
मालक सगळे एका खोलीत बसले, बाहेर येऊन म्हणाले,
देतो. अर्धा काय, एक देतो. फक्त युनियन सोडा.
पैसे तर हवेच होते.
तरी आम्ही नाही म्हणालो,
याचं अजून मलाच नवल वाटतं.

ओतणारे भाऊ दर शनिवारी पाकीट आणून द्यायचे,
मग एका आड एका शनिवारी.
आम्ही भाड्यानं तळघर घेतलं, स्वतःची भट्टी, स्वतःची पाटी.
गिऱ्हाइकं यायला लागणार, तोच
दुकानात कागदाची कॉलर आली.
एक दिवस घाला, फेकून द्या.
पाणी नको, खळ नको, आम्ही नको.
ऑनोरानं एक विकत आणली, उलटीपालटी केली,
आणि सवयीनं गालाजवळ नेली.
थंड होती.
ती काही बोलली नाही.
आठवडाभरात बोचकं बांधून ऑल्बनीला गेली,
कुणाच्या तरी घरी वरकामाला.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, प्रार्थना सुटताना,
सर आली धो धो.
मालकाचा मेव्हणा पायऱ्या उतरत होता,
त्याची कॉलर आधी मऊ पडली, मग लोंबली,
मग लापशीसारखी कोटावर ओघळली.
आम्ही शालीत तोंड खुपसून हसलो.
डेलियाला तर ठसका लागला.
एवढं हसलो नव्हतो जिंकलो तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी
हसणाऱ्यांतल्या निम्म्या कामावर परतल्या.

मी मंगळवारी.
दारात टेबल, टेबलावर कागद:
यापुढे युनियनशी संबंध ठेवणार नाही.
सही येणाऱ्यांनी सही करायची, बाकीच्यांनी फुली.
हिशेबनीसानं टाक पुढे केला.

मला सही येत होती.
मी फुली मारली.